सरत्या २०२५ मध्ये काय मिळालं, काय गेलं?

डिसेंबर संपत आला की 'बघता बघता वर्ष गेलं' म्हणून आपण मोकळे होतो. कसं गेलं ते कुणी सांगत नाही. तर सांगा. चांगलंही लिहा, वाईटही. संकल्प नकोत, आणि 'जे होतं ते चांगल्यासाठीच' हे वाक्य तर अजिबातच नको.

सुरुवात मी करतो. मार्चमध्ये आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. गणपतीत तिने खुर्चीवर बसून सगळ्यांसाठी मोदक वळले, कुणाला हात लावू दिला नाही. वाईट म्हणजे आमचा वाडा रिडेव्हलपमेंटला गेला. शेजारच्या काकू लेकीकडे बावधनला गेल्या. भाजणी मागायला आता बस पकडावी लागते.

माढा, सोलापूर
सप्टेंबरात सीनेचं पाणी टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. आमची वस्ती नदीपासून बरीच लांब. म्हाताऱ्या माणसांनीही इथवर पाणी आलेलं कधी पाहिलं नव्हतं. रातोरात गुरं सोडली आणि झेडपीच्या शाळेत गेलो. पाणी उतरल्यावर येऊन बघतो तर सोयाबीनचं सोडा, रानच जागेवर नाही. वरची काळी माती खरडून गेलेली, खाली मुरूम उघडा. ठिबकच्या नळ्या बाभळीला गुंडाळलेल्या, मोटार गाळात. पीक गेलं तर एक हंगाम जातो. माती गेल्यावर काय करायचं, ते चुलत्यालाही सांगता येईना. सरकारने खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख जाहीर केले, रोजगार हमीतून आणखी ३ लाखांपर्यंत. तेवढ्यात किती रान भरतं, ते ज्याने पदरच्या पैशाने ट्रॉलीने माती आणून टाकलीय त्याला विचारा.

चांगलं म्हणाल तर, त्याच शाळेच्या व्हरांड्यात आमची गाय व्याली. वासरू पुसायला मास्तरांनी वर्गातलं बस्कर काढून दिलं. कालवड झाली. पाणी ओसरल्यावर मुरघासाच्या, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, बॅगा भरलेले टेम्पो यायला लागले. पोरं बॅगा उतरवायची, चहा प्यायची आणि पुढच्या गावाला निघायची, नावही सांगायची नाहीत. आईने कालवडीचं नाव सीना ठेवलंय. मला काही पटलेलं नाही, पण आईपुढे कोण बोलणार.

राजापूर
आमचं रडगाणं मे महिन्यातच सुरू झालं. यंदा मुंबईत २६ मेलाच मान्सून पोचला. आमच्याकडे तर त्याच्या आधीपासून पाऊस धरून बसलेला. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, अजून झाडावर, त्यांच्या सालींची सोलं अर्धी वाळलेली. सोलांना रसाची पुटं द्यायची, वर कडक ऊन हवं. ढगाळ हवेत बुरशी धरते. अंगणातलं सगळं पडवीत आणून पंख्याखाली पसरलं, तरी निम्मी सोलं टाकावी लागली. मग उरलेल्या रातांब्यांच्या रसाचं मीठ घालून आगळ केलं. गणपतीला आलेले चाकरमानी ते बाटल्या-बाटल्यांनी घेऊन गेले. सोलांपेक्षा चार पैसे जास्तच सुटले. आता हे चांगल्यात धरायचं की वाईटात?

नवी मुंबई
ऑगस्टमध्ये नोकरी गेली. छोटासा व्हिडिओ कॉल, एचआरची मुलगी माझ्याहून जास्त घाबरलेली, संध्याकाळी लॅपटॉप लॉक. ईएमआय चालूच. लेक सीझन बॉलने क्रिकेट खेळते. खर्च कापायचा म्हटल्यावर पहिला विषय तिच्या कोचिंगचाच निघाला. नाही कापला.

२ नोव्हेंबरला आम्ही दोघी डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला वर्ल्ड कपची फायनल बघायला गेलो. तिकिटं तिच्या मामाने काढलेली. पावसामुळे सामना संध्याकाळी पाचला सुरू झाला. दक्षिण आफ्रिकेची वुल्वार्ट शतक ठोकून उभी, तोवर लेकीने माझं मनगट इतकं घट्ट धरलेलं की बांगडीचे वळ उठले. अमनजोतच्या हातातून तिचा झेल उडाला तेव्हा मी डोळे मिटले होते, पकडल्याचं आवाजावरून कळलं. ५२ धावांनी जिंकलो. मध्यरात्रीनंतर स्टेशनकडे चालताना अनोळखी बायका लेकीच्या गालांवर तिरंगा रंगवून जात होत्या. डिसेंबरात नवी नोकरी लागली. पगार कमी आहे.

न्यू जर्सी
सर्वपित्रीला, २१ सप्टेंबरला, बाबांचं श्राद्ध म्हणून साताऱ्याला गेलो होतो. आदल्या दिवशी सकाळी अमेरिकेच्या एच-१बी वर्क व्हिसावर एक लाख डॉलर फी लागल्याची बातमी, पाठोपाठ ऑफिसच्या वकिलांचा मेल: ताबडतोब परत या. तिप्पट पैसे मोजून तिकीट काढलं. फी फक्त नव्या अर्जांना लागू, हा खुलासा आला तेव्हा मी मुंबई विमानतळावर. श्राद्ध धाकट्याने केलं. काकांनी पानाला कावळा शिवल्याचा फोटो पाठवला, तो बोर्डिंगच्या रांगेत पाहिला. चांगली गोष्ट एकच: 'तिकडे येऊन काय करू' म्हणणारी आई व्हिसाच्या मुलाखतीला तयार झालीय.

नाशिक
यंदा काहीच झालं नाही. बीपी ठीक, पेन्शन वेळेवर, कुणाशी भांडण नाही. सत्तरीत यालाच चांगलं वर्ष म्हणतात.

सध्या सदाशिव पेठ, मूळ भूम
माढ्याचे दादा, सीना नाव राहू द्या, छान आहे.

आमची राज्यसेवा पूर्व २८ सप्टेंबरला होती, ती पावसा-पुरामुळे ९ नोव्हेंबरवर गेली. अभ्यासिकेत कुणी चिडलं, कुणाला सुटका वाटली. माझ्या गावच्या घरात गुडघाभर चिखल होता, मी तारखेवर काय चिडणार? त्यात मुख्य परीक्षा यंदापासून वर्णनात्मक, म्हणजे पर्यायांवर गोल भरायचा माझा सगळा सराव वाया. रूममेट पीएसआय झाली. तिच्या मिरवणुकीत गुलालात नाचले, पेढे मीच वाटले आणि रात्री गच्चीत जाऊन रडले. ती वर आली, काही न बोलता शेजारी बसली, आणि मग दोघींनी उरलेले पेढे संपवले.

पूर्व बरी गेलीय. घरच्यांनी अजून एक वर्ष दिलंय, अभ्यासिकेने मात्र फी वाढवलीय.