रेव्हिटमधील मॉडेल प्रकाश आणि ऊर्जेच्या सिम्युलेशनसाठी नेताना

मिहिर_नाशिक (प्रश्न)

नमस्कार. नाशिकमधील एका प्रशासकीय इमारतीचे (तळमजला अधिक दोन मजले) मॉडेल आमच्या कार्यालयात रेव्हिटमध्ये (इमारतीचे त्रिमितीय मॉडेल करण्याचे सॉफ्टवेअर) तयार आहे. ईसीबीसी 2017 (इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता) नुसार दिवसाचा प्रकाश तपासायचा आहे आणि वातानुकूलनाचा वार्षिक भारही काढायचा आहे. प्रकाशासाठी मॉडेल राइनो या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये आणून हनीबी या त्याच्या जोडणीमार्फत रेडियन्स हा प्रकाशगणनेचा प्रोग्राम चालवला. ऊर्जेसाठी जीबीएक्सएमएल (इमारतीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा प्रकार) फाइल काढून ती ओपनस्टुडिओत उघडली आणि त्यातून एनर्जीप्लस हा ऊर्जागणनेचा प्रोग्राम चालवला. दोन्हीकडे आकडे मिळतात, मात्र ते पटत नाहीत.

पहिल्या मजल्यावरील बैठकीची खोली त्याच मापाने राइनोत हाताने काढून तपासली, तर जेवढे लक्स (प्रकाशाच्या पातळीचे एकक) येतात त्याच्या साधारण दोन तृतीयांशच आयात केलेल्या मॉडेलमध्ये येतात, आणि तेही खोलीभर सारख्याच प्रमाणात. रंग, आकाश आणि काच (प्रकाशपारगम्यता, म्हणजे आरपार जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, 65 टक्के) दोन्हीकडे सारखेच आहे. दुसरी अडचण अशी की, मधल्या मजल्याचा शीतकरणाचा भार जवळपास गच्चीखालच्या मजल्याइतकाच दिसतो. दोन्ही कामांना एकच फाइल पुरेल असा काही मार्ग आहे का?

झरोका

प्रकाशाचे आधी पाहू. तूट खोलीभर सारख्याच प्रमाणात आहे आणि शिल्लक उरलेला हिस्सा तुमच्या काचेच्या पारगम्यतेएवढा आहे, यातच उत्तर आहे. रेव्हिटच्या खिडकीतील काच हा जाडी असलेला ठोकळा असतो. तो राइनोत आला की त्याचे बाहेरचे आणि आतले असे दोन मोठे पृष्ठ होतात, आणि दोन्हींना तुम्ही काचेचे मटेरियल लावलेले असणार. रेडियन्समधील ‘ग्लास’ हे मटेरियल मात्र एकाच पृष्ठाला संपूर्ण तावदान समजते, म्हणजे काचेच्या दोन्ही बाजूंचे परावर्तन त्या एका पृष्ठातच हिशेबात धरलेले असते. त्यामुळे तुमचा प्रकाश दोन तावदानांतून येतो आहे: 0.65 गुणिले 0.65 म्हणजे 0.42. दुहेरी काच असती तर चार पृष्ठे झाली असती आणि खोलीत अंधारच दिसला असता. प्रत्येक तावदानाचे एकच पृष्ठ ठेवा. दुहेरी काच असली तरी पृष्ठ एकच काढून त्याला संपूर्ण संचाची पारगम्यता द्या.

मटेरियल हाताने लिहीत असाल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. रेडियन्सला उत्पादकाच्या पत्रकातील आकडा चालत नाही, कारण तिथे काचेच्या आतल्या आतली पारगम्यता अपेक्षित असते. ढोबळमानाने पत्रकातील आकड्याला 1.09 ने गुणावे, तुमच्या 0.65 साठी ती सुमारे 0.71 येते. भिंत, छत आणि जमीन यांची परावर्तकता रेव्हिटमधील रंगावरून उचलू नका, कारण तो रंग दिसण्यासाठी दिलेला असतो. प्रत्यक्ष फिनिशची माहिती नसेल तर ईसीबीसीतील छत 70, भिंत 50 आणि जमीन 20 टक्के ही मूल्ये घ्या. कामाची पातळी 0.8 मीटरवर ठेवा.

ऊर्जावेध

मधल्या मजल्याबद्दल सांगायचे तर, रेव्हिटमधील ‘रूम’ची (खोलीची हद्द आणि घनफळ नोंदवणारा घटक) वरची मर्यादा तपासा. ती फॉल्स सीलिंगपाशी थांबली असेल, तर सीलिंग आणि वरचा स्लॅब यांमधली पोकळी कोणत्याच रूममध्ये मोडत नाही. मग खालच्या रूमचे छत आणि वरच्या रूमची जमीन ही एकमेकांची जोडी जमत नाही आणि फाइलमध्ये दोन्ही पृष्ठे बाहेरच्या हवेला लागून असल्याचे नोंदले जाते. एनर्जीप्लसच्या दृष्टीने यात काहीच चूक नसते, म्हणून ते मुकाट्याने मधल्या मजल्याच्या छतावर ऊन पाडते. ओपनस्टुडिओच्या स्केचअप प्लगइनमध्ये पृष्ठे सीमास्थितीनुसार (पलीकडे बाहेरची हवा आहे की दुसरी खोली, त्यानुसार) रंगवून पाहिलीत, तर हे एका नजरेत कळेल.

रूमची वरची मर्यादा वरच्या लेव्हलपर्यंत न्या, फॉल्स सीलिंग आणि आतले सुटे खांब यांचे ‘रूम बाउंडिंग’ (रूमची हद्द ठरवण्याचा गुणधर्म) काढून टाका आणि ‘एरियाज अँड व्हॉल्यूम्स’ची (क्षेत्रफळासोबत घनफळाचीही) गणना चालू आहे ना, ते पाहा. खांबांचे विशेष सांगतो, कारण प्रत्येक खांबाभोवती वीतभर रुंदीची पृष्ठे तयार होतात आणि त्यांचा उष्णतेच्या हिशेबाला काडीचाही उपयोग नसतो.

एकाच फाइलचा आग्रह मात्र सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ऊर्जेच्या गणनेला बंदिस्त खोल्या आणि त्यांच्यामधली जाडी नसलेली पृष्ठे लागतात; 230 मिलिमीटरची वीटभिंत तिथे एक प्रतल असते आणि तिची जाडी थरांच्या यादीत लिहिली जाते. उलट प्रकाशाला तीच जाडी खरोखर हवी असते, कारण खिडकीच्या बगला आणि छज्जा प्रकाश अडवतात आणि आत परतवतातही. तीन मजल्यांच्या इमारतीसाठी मी तर जीबीएक्सएमएल वापरतच नाही. रेव्हिटचे प्लॅन खाली ठेवून हनीबीच्या खोल्या नव्याने उभ्या करतो आणि सारख्या वापराच्या, एकाच दिशेच्या खोल्या एका झोनमध्ये (एकत्र गणना होणाऱ्या गटात) घालतो.

झरोका

नव्याने काढण्याच्या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत नाही. डिझाइन दर आठवड्याला बदलत असेल तर प्लॅनवरून पुन्हा पुन्हा खोल्या उभारणे परवडत नाही. रेव्हिटमधल्या रूम एकदा नीट लावून घेतल्या की जीबीएक्सएमएल पुष्कळ काम वाचवते. डिझाइन गोठल्यानंतर एकदाच गणना करायची असेल, तर मात्र ऊर्जावेध म्हणतात ते ठीक आहे.

मिहिर_नाशिक

काचेला खरोखरच दोन पृष्ठे होती. आतले काढल्यावर दोन्ही मॉडेलांचे लक्स जुळले. रूमची मर्यादाही सीलिंगपाशीच होती. ते आज दुरुस्त करतो. आता पश्चिमेच्या दर्शनी भागावरील टेराकोटाच्या जाळीचे काय करावे? ती एनर्जीप्लसमध्ये नेल्यापासून गणना पुढे सरकतच नाही.

ऊर्जावेध

जाळीचे प्रत्येक छिद्र एनर्जीप्लसमध्ये नेऊ नका. हजारो पृष्ठांच्या सावल्या मोजण्यातच त्याचा वेळ जातो. जाळीच्या जागी एकच सपाट शेडिंग पृष्ठ ठेवा आणि त्याला पारगम्यतेचे वेळापत्रक जोडा. ते न जोडल्यास पृष्ठ पूर्ण अपारदर्शक धरले जाते. वेळापत्रकात निव्वळ छिद्रांचे प्रमाण भरू नका, कारण जाळीला जाडी असल्याने ऊन तिरपे पडले की त्याहून खूपच कमी आत येते. जाळीचा एक लहान तुकडा रेडियन्समध्ये खऱ्या आकाराने ठेवून, जाळीसह आणि जाळीविना मागे किती प्रकाश पोचतो त्याचे गुणोत्तर दुपारच्या निरनिराळ्या तासांसाठी काढा आणि तेच आकडे वेळापत्रकात घाला. प्रकाशाच्या मॉडेलमध्ये मात्र जाळी खऱ्या आकाराचीच राहू द्या. एका तुकड्याची ऑक्ट्री (रेडियन्सची भूमितीची तयार फाइल) करून तिच्या प्रती ‘इन्स्टन्स’ (त्याच फाइलचा पुन्हा वापर) म्हणून मांडल्या की मेमरीवर ताण येत नाही.

झरोका

त्या तासांसाठी आकाश थेट जेनस्कायने (रेडियन्समधील आकाश तयार करणारा प्रोग्राम) तयार करणार असाल, तर तिथे रेखांश पश्चिमेकडे धन मोजतात हे लक्षात ठेवा. नाशिकसाठी रेखांश उणे 73.8 आणि प्रमाणवेळेचे रेखावृत्त उणे 82.5 असे लिहावे लागेल. काहीच न लिहिल्यास कॅलिफोर्नियाचे आकाश मिळते आणि पश्चिमेच्या जाळीचे सगळे आकडे वाया जातात. शिवाय रेव्हिटमधील प्रोजेक्ट नॉर्थ (रेखाटनाच्या सोयीसाठी धरलेली उत्तर) आणि खरी उत्तर यांत किती अंशांचा फरक आहे, तो दोन्ही मॉडेलांत एकसारखाच गेला आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या.