अर्धशिशी आणि अँटीकार्डिओलिपिन २२: पुढे काय?

माजिवडा_नाका
बहीण, वय ३४. डोकं दुखायच्या आधी वीसेक मिनिटं डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा. रक्तात गुठळ्या होण्याशी संबंध असलेल्या अँटीकार्डिओलिपिन या अँटीबॉडीची टेस्ट केली: तिचा आयजीएम प्रकार २२, आयजीजी प्रकार नॉर्मल. गुठळी किंवा गर्भपात कधी नाही. अर्धशिशीचं मूळ हेच का? अ‍ॅस्पिरिन सुरू करावी?

लॅबवाली
२२ म्हणजे किरकोळ. ४० युनिटच्या वर आणि किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तसंच आलं, तर त्याला वजन. साध्या तापानंतरही आयजीएम काही काळ वर जाऊन येतं.

फेरतपासणीला याच गटातल्या अँटीबॉडींच्या बीटा-२ ग्लायकोप्रोटीन आणि लुपस अँटीकोॲग्युलंट या टेस्टही करा. घोळ होतो तो या शेवटच्या टेस्टमध्ये. निळ्या झाकणाची सायट्रेट ट्यूब खुणेपर्यंत भरलेली हवी: ९ भाग रक्त, १ भाग सायट्रेट. अर्धवट भरली की रक्त गोठायची वेळ उगाच लांबते. ४ तासांत प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) दोनदा सेंट्रिफ्यूज व्हायला हवा, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून त्यातल्या पेशी काढायला हव्यात. प्लेटलेट उरल्या तर त्यांच्यातलं फॉस्फोलिपिड (एक स्निग्ध पदार्थ) अँटीबॉडी गिळतं आणि पॉझिटिव्ह सॅम्पल निगेटिव्ह दिसतं. घोडबंदरला काढलेलं रक्त तुर्भ्याला जाणार असेल, तर प्लाझ्मा घोडबंदरलाच वेगळा करून गोठवून पाठवतात का, हे सुई टोचायच्या आधी विचारा. हेपरिन, वॉरफरिन किंवा रिव्हॉरॉक्साबॅन असं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी लॅबला कळवा, रिपोर्ट फसवा येतो.

नेरुळ_पश्चिम
लुपस अँटीकोॲग्युलंट हे नावच उफराटं: ट्यूबमध्ये रक्त उशिरा गोठतं, शरीरात मात्र गुठळ्या होतात. १९८३ मध्ये या अँटीबॉडींमुळे होणारा अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम मांडणाऱ्या डॉक्टर ग्रॅहम ह्यूज यांनी अर्धशिशीवर बराच भर दिला, पण पुढचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. त्या सिंड्रोमच्या २०२३ च्या वर्गीकरणाच्या निकषांत अर्धशिशी नाही. त्यामुळे नुसत्या २२ वर अ‍ॅस्पिरिन नको. त्वचेवर जाळीसारखे जांभळट चट्टे किंवा प्लेटलेट कमी असतील, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

त्या रेषा म्हणजे ऑरा, आणि मला काळजी रिपोर्टपेक्षा त्याची वाटते. इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी चालू आहे का?

माजिवडा_नाका
हो, पाळी नियमित व्हावी म्हणून दिलीय.

नेरुळ_पश्चिम
मग १२ आठवडे थांबू नका. ऑरा असताना ही गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्ग ४ मध्ये, म्हणजे देऊच नये अशी. पक्षाघाताचा धोका वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना उद्याच फोन करा, ऑराचं स्पष्ट सांगा आणि इस्ट्रोजेनविना पर्याय मागा. अचानक हात लुळा पडला, बोबडी वळली किंवा ऑरा तासाभरात ओसरला नाही, तर सरळ १०८.