मदत हवी आहे : कानाच्या मशीनचे डोम, फिल्टर, नळी नेमकं कोणतं घ्यायचं? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात कानाचं मशीन वापरणारी दोन माणसं आहेत, सासूबाई आणि सासरे. दोघांच्या मशीनचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आता दोघांचेही सुटे भाग बदलायची वेळ आली आहे. दुकानदार एक सांगतो, ऑनलाइन दुसरंच लिहिलेलं असतं आणि शेजारचे काका तिसरंच सुचवतात. ज्यांच्या घरी हे रोजचं आहे किंवा जे याच कामात आहेत त्यांनी कृपया सांगावं.

आधी आईंचं (सासूबाईंचं). मशीन फोनाक ऑडिओ मार्व्हल, ३१२ नंबरच्या सेलवर चालणारं, दोन्ही कानांना. यंत्र कानामागे बसतं, त्यातून बारीक वायर येते आणि टोकाचा छोटा स्पीकर थेट कानात जातो. भिंगातून पाहिलं तर डावीकडे निळ्या खुणेबरोबर २ आणि एम, उजवीकडे लाल खुणेबरोबर २ आणि पी अशी अक्षरं दिसतात. टोकाला मऊ रबरी टोपी आहे, डोम म्हणतात ती. उजव्या कानातला आवाज हल्ली खूप खोल गेलाय. नवीन सेल घातला तरी तेच. डोम काढून पाहिला तर स्पीकरच्या तोंडावरची पांढरी जाळी पिवळट होऊन बुजल्यासारखी दिसते.

पुतण्यानं काळजीपोटी पुण्याहून एक पाकीट मागवून पाठवलं. त्यावर 'सर्व कंपन्यांच्या मशीनला चालेल' असं लिहिलंय. त्यातला डोम स्पीकरवर चढतो, पण बोटानं गोल फिरतो आणि जरा ओढला की हातात येतो. तो मी आईंच्या कानात घालू दिलेला नाही. माझी शंका बरोबर आहे का?

आता आबा (सासरे). त्यांचं कानामागचं मोठं मशीन, सरकारी शिबिरात मिळालेलं, १३ नंबरचा सेल. कानाचं माप घेऊन केलेला मोल्ड आहे आणि मशीनच्या हुकापासून मोल्डपर्यंत पारदर्शक नळी. आता ती पारदर्शक राहिलेली नाही, पिवळी पडलीय आणि वाकवली तर कडक लागते. जेवताना जबडा हलला की मशीन शिट्टी मारतं. मग आबा वैतागून ते काढतात आणि सदऱ्याच्या खिशात टाकतात. नुसती नळी बदलता येते की सगळा मोल्ड नवा करावा लागतो?

आई एखादी गोष्ट दोनदा विचारतात, तिसऱ्यांदा विचारत नाहीत, नुसत्या हसून मान डोलावतात. घरात नातवंडं बोलत असतात आणि त्या हळूहळू बाजूला पडत चालल्यात. म्हणून हे काम लवकर आणि नीट व्हावं असं वाटतं. घर राजारामपुरीत आहे, कोल्हापुरातल्या माहितीचा उपयोग होईल.

प्रतिसाद १

ताई, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, सांगलीला काम करते. तुमची शंका शंभर टक्के बरोबर आहे. तो डोम आईंच्या कानात घालू नका. सैल डोम मशीन काढताना कानातच राहतो. कधी तसं झालंच तर घरी चिमटा घालून शोधायला जाऊ नका, तो आणखी आत सरकतो. कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा, ते काढून देतील.

आता मुख्य गोष्ट. सुटा भाग नुसत्या कंपनीच्या नावावरून घ्यायचा नसतो. मॉडेल कोणत्या पिढीचं आहे आणि रिसीव्हर (तुम्ही स्पीकर म्हणताय तो) कोणता आहे, यावर सगळं ठरतं. फोनाकचंच उदाहरण घ्या. मार्व्हलच्या आधीच्या ऑडिओ मशीनना सेरुस्टॉप नावाचा वॅक्स फिल्टर (कानातला मळ अडवणारी ती पांढरी जाळी) लागायचा, मार्व्हलपासून सेरुशील्ड आला. डोमही बदलले. त्यामुळे दुकानदार 'फोनाकचाच आहे, घ्या की' म्हणाला तरी जुना डोम आईंच्या मशीनला नीट बसणार नाही. पाकिटावर एसडीएस ४.० लिहिलंय का बघा, तुमच्या मशीनची पिढी तीच. इतर कंपन्यांचंही असंच आहे. ओटिकॉनचं मिनिफिट वेगळं, सिग्नियाचं वेगळं. एकाचं दुसऱ्याला लावायला जाऊ नका.

तुम्ही वाचलेलं २ म्हणजे वायरची लांबी आणि एम, पी म्हणजे रिसीव्हरची ताकद. पी हा एमपेक्षा जोरदार. आईंच्या दोन्ही कानांचं ऐकू येणं सारखं नसणार, म्हणून वेगवेगळे दिलेत. लाल म्हणजे उजवा, निळा म्हणजे डावा, हे सगळ्या कंपन्यांत सारखंच. वायर कधी तुटली तर हेच आकडे आणि अक्षरं सांगून मागवायची. ताकद बदलली तर कॉम्प्युटरवर मशीन नव्याने सेट करावंच लागतं.

आवाज खोल जाण्याचं कारण बहुधा ती बुजलेली जाळीच आहे. सेरुशील्डची एक गोल चकती मिळते. डोम काढायचा, चकती फिरवून कचरापेटीचं चित्र असलेल्या भोकात रिसीव्हरचं टोक घालायचं, टक् असा आवाज आला की जुना फिल्टर आत राहतो. मग चकती पुढे फिरवून नवा फिल्टर तसाच टक् करून बसवायचा. पहिल्यांदा ऑडिओलॉजिस्टसमोर करून बघा, नंतर घरी जमतं. रोज रात्री रिसीव्हरचं तोंड खाली धरून कोरड्या ब्रशनं झाडलंत तर फिल्टर जास्त दिवस टिकतो. तोंड वर धरून ब्रश फिरवला तर मळ आतच जातो. पाणी किंवा स्पिरिट अजिबात नको.

डोम घेताना आकार आणि प्रकार, दोन्ही सध्या आहे तेच घ्या. ओपन, व्हेन्टेड, कॅप, पॉवर असे प्रकार असतात. ओपनमधून जाड, खालच्या पट्टीचा आवाज बाहेर निसटतो. कान बंद करणारा डोम लावला तर तो आवाज आत अडकतो आणि स्वतःचं बोलणं माठात तोंड घालून बोलल्यासारखं घुमतं. उलट पॉवर असणाऱ्या कानाला ओपन लावला की शिट्टी सुरू. प्रकार बदलायचाच असेल तर तो सॉफ्टवेअरमध्ये बदलून फीडबॅक टेस्ट (शिट्टीची चाचणी) पुन्हा करावी लागते. हे घरी करायचं काम नाही.

आबांची नुसती नळी बदलते. मोल्ड कानात घट्ट बसत असेल तर तोच चालेल. मोल्डची नळी साधारणपणे १३ नंबरची असते, आतला व्यास १.९३ मिमी. (सेलचाही १३ आणि नळीचाही १३, यावरून दुकानात फार गोंधळ होतो. त्यांचा काही संबंध नाही.) नळी दर तीन ते सहा महिन्यांनी बदलावी. कडक झाली की ती आखडते, मोल्डला बाहेर खेचते, फट पडते आणि शिट्टी येते. जबडा हलताना येते त्याचं हेच कारण असावं. लांबी आबांच्या कानावर मशीन ठेवूनच कापून घ्या. आणि कानात मळ साठलाय का तेही तपासा, मळानंही शिट्टी येते. नव्या नळीनंतरही थांबली नाही, तर मग नवा मोल्ड.

प्रतिसाद २

ताई, सेलचं मी सांगतो. आमच्या आईचं मशीन बरीच वर्षं माझ्याच हातात आहे. ३१२ च्या पाकिटाचा रंग तपकिरी, १३ चा केशरी. तुमच्या घरी दोन्ही आहेत, तर दोन डबे वेगळेच ठेवा. दोन्हींचा व्यास सारखाच, ७.९ मिमी, म्हणून वरून बघून फसायला होतंय. जाडी मात्र ३.६ आणि ५.४. केशरीवाला आईंच्या मशीनच्या सेलच्या दारात दाबून बसवायला गेला तर दार मोडतंय बघा.

हे झिंक-एअरचे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढला की चार-पाच मिनिटं उघडा ठेवायचा आणि मगच आत घालायचा. लगेच घातला तर लवकर उतरतोय. एकदा काढलेला स्टिकर परत चिकटवून काही उपयोग नाही. आणि आपल्याकडचा पावसाळा म्हणजे मशीनचा शत्रूच. घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेल घालून रात्री मशीन त्यात ठेवा. सेल काढून बाहेर ठेवायचा, दार उघडं. नातवंडं लहान असतील तर जुने सेल हाताला लागू देऊ नका, गिळला तर थेट दवाखान्यात.

आबांचे कान तपासायला सीपीआरला (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) कान-नाक-घसा ओपीडी आहे. सकाळी लवकर जावा.

प्रतिसाद ३ (धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद प्रिंट काढून सोबत नेले आणि काल दोघांनाही घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन आले. आईंच्या उजव्या कानाचा फिल्टर पूर्ण बुजला होता. त्यांनी माझ्याकडूनच बदलून घेतला. तो टक् आवाज आईंनाही ऐकू आला. उजवीकडे पॉवर डोम आहे आणि डावीकडे व्हेन्टेड, म्हणजे दोन पाकिटं वेगळी घ्यायला लागली. ऑनलाइनचं पाकीट टाकून दिलं.

आबांच्या कानात मळ नव्हता. नळी बदलली, लांबी कानावर ठेवून कापली. रात्री भाकरी खाताना मशीन कानातच होतं.

एकच विचारायचं राहिलं. दोघंही संध्याकाळी टीव्हीसमोर बसतात आणि आवाज चौकापर्यंत जातो. दोघांना चालेल असं एकच काही मिळतं का?

प्रतिसाद ४ (ऑडिओलॉजिस्ट)

एकच नाही मिळणार. आईंच्या मार्व्हलला फोनाकचा टीव्ही कनेक्टर चालतो, तो टीव्हीला जोडला की आवाज थेट मशीनमध्ये येतो आणि टीव्हीचा आवाज घरच्यांना हवा तेवढा ठेवता येतो. घेण्याआधी ऑडिओलॉजिस्टकडे तुमच्या मॉडेलशी जोडून बघा. आबांच्या मशीनला तो चालणार नाही. त्यांच्यासाठी एक छोटा वायरचा स्पीकर टीव्हीला जोडून खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवा. आवाज जवळून आला की टीव्ही मोठा करावा लागत नाही आणि शब्दही जास्त स्पष्ट कळतात.