पॅच टेस्टमध्ये सलाइनची जागाही लाल होते : दोष चेंबरचा की चिकटपट्टीचा?

वर्धारोड_फार्म
नमस्कार. नागपुरात एम. फार्म.चा प्रकल्प सुरू आहे. संत्र्याच्या सालीचं तेल १ टक्का असलेल्या क्रीमची प्राथमिक इरिटेशन (चिडचिड) चाचणी माणसांवर करतो आहोत, एथिक्स कमिटीची मंजुरी घेतलेली आहे. पदार्थ त्वचेवर बंद ठेवणाऱ्या छोट्या वाट्या, म्हणजे तयार चेंबर, महाग पडतात म्हणून पॅच विभागातच बनवले. गोळ्यांच्या ब्लिस्टर पाकिटाच्या ॲल्युमिनियम फॉइलची १२ मिमी व्यासाची खोलगट चकती, आत फिल्टर पेपर आणि वरून मेडिकलमध्ये मिळणारी झिंक ऑक्साइडची कापडी चिकटपट्टी. क्रीम चकती भरेल एवढं घालतो, पाठीवर २४ तास ठेवतो.
नुसतं सलाइन (मिठाचं पाणी) लावलेल्या जागेवरही बऱ्याच जणांना लाली येते. १ टक्का एसएलएसची (सोडियम लॉरिल सल्फेट, हमखास चिडचिड आणणारा पदार्थ) जागा कुणाची लालबुंद होते, तर कुणाची कोरीच राहते. क्रीमबद्दल बोलण्याआधी पॅचचीच परीक्षा घ्यायला हवी. ती कशी घ्यायची?

त्वचा_ओपीडी
आधी लालीचा आकार बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. पट्टीच्या चौकोनाएवढी लाली असेल तर ती पट्टीची. बारीक गोल कडं उठलं असेल तर ते चकतीच्या कडेच्या दाबाचं. आतली पूर्ण चकती लाल असेल तरच पदार्थाचा विचार करायचा.
झिंक ऑक्साइडच्या पारंपरिक पट्टीचा चिकट थर बहुधा रबर आणि राळेचा असतो. राळ, म्हणजे कोलोफनी, स्वतःच ॲलर्जी आणणारा पदार्थ आहे. शिवाय ती पट्टी घाम बाहेर जाऊ देत नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात पाठीवर तिच्याखाली काय होतं ते वेगळं सांगायला नको. ॲक्रिलिक चिकट थराची, सूक्ष्म छिद्रांची पट्टी घ्या.
ब्लिस्टर फॉइलही सोडा. तिच्या एका बाजूला उष्णतेने चिकटणाऱ्या लाखेचा थर असतो, तो त्वचेकडे आला तर तुम्ही लाखेचीच चाचणी करता आहात. शिवाय ती इतकी पातळ असते की कड दबते आणि क्रीम बाहेर येतं. कोबाल्ट, निकेल, पारा यांच्या क्षारांशी ॲल्युमिनियमची प्रक्रिया होते, तिथे प्लास्टिकचं चेंबर बरं. तुमच्या क्रीमला ही अडचण नसावी.
पॅच तपासायला चार जागा हव्यात : नुसती पट्टी, पट्टी आणि रिकामं चेंबर, सलाइनचं चेंबर, आणि तेलाशिवायचा क्रीम बेस. ही शेवटची जागा बहुतेक जण गाळतात. मग इमल्सिफायरने (तेल-पाणी एकजीव करणाऱ्या घटकाने) आणलेली लाली तेलाच्या नावावर जाते. जागा वाढवणं हा प्रोटोकॉलमधला बदल आहे, कमिटीची लेखी मंजुरी आल्यावरच लावा.

बुटीबोरी_क्यूसी
‘भरेल एवढं’ हे माप नव्हे. ८ मिमीच्या फिन चेंबरचं (बाजारातल्या तयार चेंबरचं) क्षेत्रफळ सुमारे ५० चौ. मिमी असतं आणि त्यात साधारण २० मिग्रॅ मलम घालतात, म्हणजे चौ. सेंमीला ४० मिग्रॅ. तुमच्या १२ मिमीच्या चकतीचं क्षेत्रफळ १.१३ चौ. सेंमी, म्हणून ४५ मिग्रॅ. सुई नसलेल्या सिरिंजने घाला आणि प्रत्येक चकती तराजूवर तपासा. द्रवासाठी ८ मिमीला १५ मायक्रोलिटर चालतं, त्याच हिशेबाने तुम्हाला ३४. पिपेटनेच, आणि चिकटवण्याच्या अगदी आधी. पंख्याखाली मांडून ठेवलेल्या कागदातलं पाणी उडतं, एसएलएसची तीव्रता वाढते आणि तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल (प्रतिक्रिया यायलाच हवी अशी तुलनेची जागा) प्रत्येकाला वेगळा मिळतो.
माणसावर लावण्याआधी प्रयोगशाळेतल्या टेबलावर दोन चाचण्या करा.
पहिली गळतीची. क्रीममध्ये मेथिलिन ब्लू मिसळा, चेंबर पारदर्शक लवचीक प्लास्टिकवर चिकटवा, प्लास्टिक पुन्हा पुन्हा वाकवा, मग ५०० ग्रॅम वजनाखाली तासभर ठेवा. कडेबाहेर निळा रंग दिसला की ते चेंबर बाद. पाठ वाकते, म्हणून सपाट काचेवरच्या निकालावर विसंबू नका.
दुसरी बंदिस्तपणाची. ३४ मायक्रोलिटर पाणी घातलेली चेंबरं काचपट्ट्यांवर चिकटवून वजन करा, ३२ अंशांवर २४ तास ठेवून पुन्हा वजन करा. घट कमी हवीच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती सगळ्यांत सारखी हवी. एका चेंबरमधून थोडं आणि दुसऱ्यातून दुप्पट पाणी जात असेल, तर एक पॅच बंदिस्त आणि दुसरा अर्धबंदिस्त झाला. मग त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

त्वचा_ओपीडी
एसएलएसबद्दल थोडं. माणसामाणसांत त्याचा परिणाम खरोखरच वेगळा असतो, सगळा फरक पॅचवर ढकलू नका. पण द्रावण ताजं आणि उच्च शुद्धतेच्या एसएलएसचं हवं. फ्रिजमधलं असेल तर थंडीत ते साका धरतं, तसंच वापरलं तर कुणाला साका मिळतो, कुणाला वरचं पाणी. हिवाळ्यातली कोरडी त्वचा जास्त चिडते, म्हणून मेच्या आणि डिसेंबरच्या तुकड्या एकत्र मोजू नका. प्रत्येक तुकडीत सलाइन आणि एसएलएस हे दोन्ही कंट्रोल हवेतच.
वाचनाची शिस्त : पॅच काढल्यावर ३० मिनिटं थांबा, पट्टी ओढल्याची लाली तोवर ओसरते. नंतर २४ आणि ४८ तासांनी पुन्हा बघा. लालीला ०–४ आणि सुजेला ०–४ असे वेगळे गुण द्या. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर सौम्य लाली काळपट-तपकिरी दिसते आणि सरळ शून्य लिहिली जाते. म्हणून पॅच लावण्याआधीची नोंद, एकसारखा पांढरा प्रकाश, सुजेसाठी बोटाचा स्पर्श आणि शक्य असेल तर रंगमापकाचं ए-मूल्य (लालीचा आकडा) वापरा. गुण देणाऱ्याला कुठे काय लावलं ते माहीत नसावं. जागाही व्यक्तीगणिक फिरवा, कारण पाठीचा वरचा आणि खालचा भाग सारखा वागत नाही. टीईडब्ल्यूएल (त्वचेतून उडून जाणारं पाणी) मोजणार असाल तर किमान एक तास थांबा, दुसऱ्या दिवशी मोजलं तर अधिक चांगलं. बंद पॅचखाली साठलेलं पाणी सुरुवातीला आकडा फुगवतं.

वर्धारोड_फार्म
पट्टी आणि फॉइल दोन्ही बदलतो, बेसच्या जागेसाठी कमिटीकडे अर्ज करतो. तेल एकदम मोठ्या बाटलीत घेतलं आहे, ती अधूनमधून उघडली जाते. त्याने फरक पडेल का?

बुटीबोरी_क्यूसी
पडेल. संत्र्याच्या तेलात बहुतांश लिमोनिन नावाचं संयुग असतं. हवेशी संपर्क आला की त्याची हायड्रोपेरॉक्साइडं बनतात, आणि ॲलर्जीचा धोका मुख्यतः त्यांचाच. पेरॉक्साइड मूल्य दर बॅचला तपासा. इफ्राची (सुगंधी पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) मर्यादा लिटरला २० मिलिमोलच्या आत आहे. तेल लहान, काठोकाठ भरलेल्या गडद बाटल्यांत ठेवा, वर नायट्रोजन द्या. आंबिया आणि मृग बहाराच्या सालीचं तेल एकाच बॅच क्रमांकाखाली मिसळू नका.

त्वचा_ओपीडी
आणि २४ तासांच्या एका पॅचवरून ‘ॲलर्जी होत नाही’ असं लिहू नका. चिडचिड बहुधा पॅच काढल्यावर उतरत जाते, तिची कडही ठळक असते. ४८ तासांनी वाढणारी, खाजणारी, कडेबाहेर पसरणारी लाली दिसली तर ॲलर्जीचा संशय घ्या, त्या व्यक्तीला पुढचा पॅच न लावता त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. पदार्थाची ॲलर्जी जडते का हे बघायला वेगळी चाचणी असते : तीन आठवड्यांत नऊ वेळा पॅच, साधारण दोन आठवडे विश्रांती, मग नव्या जागेवर आव्हान-पॅच (ॲलर्जी जडली का ते तपासणारा शेवटचा पॅच). उन्हाने होणारी प्रतिक्रियाही या पॅचमध्ये कळत नाही. सालीचं तेल असल्याने पुरवठादाराकडून फ्युरोकुमारिनचा (उन्हात त्वचेवर प्रतिक्रिया आणणाऱ्या संयुगांचा) अहवाल मागवा, आणि तो हाती येईपर्यंत स्वयंसेवकांना पॅचच्या जागेवर ऊन लागू देऊ नका असं सांगा.