बिऱ्हाड म्हणू का? 'हाऊसिंग इनसिक्युरिटी'ला शब्द हवाय

जास्वंदी:
मंडळी, मदत हवीय. मुंबईतल्या एका संक्रमण शिबिरात (ट्रान्झिट कॅम्पात) दारोदार जाऊन मुलाखती घेतेय, प्रश्नावली इंग्रजीत आहे आणि मराठी मी करतेय. त्यात सगळीकडे हाऊसिंग इनसिक्युरिटी, म्हणजे राहतं घर टिकेल की सोडावं लागेल याची खात्री नसणं. मी सरळ 'घराबाबत असुरक्षित वाटतं का' असं केलं. पहिल्याच खोलीत लालबागहून आलेल्या मालवणी आजी म्हणाल्या, "चोर हय कित्याक येतले? कडी घट आसा माझी." आजी 1991 पासून तिथे आहेत. चाळ धोकादायक झाली म्हणून हलवलं, दोन-तीन वर्षांत परत नेऊ असं सांगितलेलं. नवऱ्याचं तेरावं तिथेच झालं, नातवंडं तिथेच जन्मली, तरी भिंतीत खिळा ठोकत नाहीत, देव अजून ट्रंकेवर मांडलेत. आणि माझ्या फॉर्मवर उत्तर काय, तर 'नाही'. शब्दच चुकला ना माझा?

कृष्णाकाठ:
बिऱ्हाड घ्या की. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतोच आपण. वडिलांची बदलीची नोकरी, आई कायम म्हणायची "हे बिऱ्हाड आहे, घर गावाला".

ओसरी:
नाही पटलं. पुण्यात आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती, दोन पिढ्या कुणी हललं नाही. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडं गोठलेलं, मालकाला काढताही येईना. बिऱ्हाड म्हणजे चूल, कुटुंब. त्यात तात्पुरतेपणा कुठाय?

कृष्णाकाठ:
अहो पण मालकाला कुणी बिऱ्हाडकरू म्हणायचं का? नाही ना. मग?

तत्सम:
'निवास-अनिश्चिती' असा नेमका शब्द होतो. ट्रान्झिट, इनसिक्युरिटी हे जसंच्या तसं कशाला आणायचं, आपली भाषा एवढी तोकडी नाही.

जास्वंदी:
अहवालात चालेल हो, पण दारात उभं राहून तो कसा विचारू? तिथली पोरं "आमच्या ट्रान्झिटात" म्हणतात, त्यांच्या वस्तीचं नावच आहे ते आता, ते मी बदलणार नाही.

अकरामहिने:
आमच्या घरात यासाठी एकच वाक्य आहे, "अ‍ॅग्रीमेंट संपतंय". ठाण्यात आठ वर्षांत पाच खोल्या झाल्या. महिना-दीड महिना राहिला की बायकोची झोप जाते, डिपॉझिट वाढवणार का, मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं म्हणून खाली करायला लावणार का, गॅसचा पत्ता बदला, आधारचा बदला. मुलीने चौथीपर्यंत तीन शाळा बघितल्या, आता नवीन वर्गात मैत्रीणच करत नाही, म्हणते परत जायचंच आहे ना. जीव टांगणीला लागतो तसं घर टांगणीला असतं आमचं. ताई, आजींना असंच विचारा.

जास्वंदी:
'घर टांगणीला' लिहून घेतलंय. मुलीचं वाचून गलबललं.

ओसरी:
अ‍ॅग्रीमेंट 11 महिन्यांचंच का असतं माहितीये का? 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, ते टाळायला 11.

अकरामहिने:
महाराष्ट्रात ते कारण उरलं नाही. 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्यात कितीही मुदतीचा लिव्ह अँड लायसन्स असो, नोंदवायलाच लागतो, आणि जबाबदारी मालकाची. तरी 11 सुटत नाही. आणि लायसन्स म्हणजे आपण कायद्याने भाडेकरूसुद्धा नाही, नुसती राहायची परवानगी, हे किती जणांना सही करताना कळतं?

तत्सम:
मग 'परवानगीदार' म्हणा. भाडोत्री तर नकोच, आता तो भाडोत्री गुंडांसारखा वाटतो.

गिरणगावची:
आमच्यात भाडोत्रीच म्हणतात, त्यात कमीपणा नाही. आणि पागडीवाल्यांना, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्यात राहणाऱ्यांना, काय म्हणाल? मालकही नाही, नुसते भाडोत्रीही नाही, एवढे पैसे भरून इमारत पडायच्या भीतीने पावसाळाभर जागे.

तुंगभद्रा:
बिऱ्हाडकडे परत येते. कन्नडमध्ये बिडार म्हणजे मुक्काम, तळ, तिकडूनच आलाय. 'बिडु' म्हणजे सोडणं, म्हणजे सोडून जायची जागा ती बिडार, कृष्णाकाठ यांचं बरोबर.

ओसरी:
पण दीर्घ 'बीडु' म्हणजे वस्ती, राहतं ठिकाण असंही आहे ना कन्नडमध्ये? मग माझंही बरोबर. यातला कोणता धरायचा?