इन्क्युबेटरला बॅटरीचा अलार्म : थर्मोस्टॅटच्या रिलेवर जोडला तर नको तेव्हा बोंबलतोय

गावरान_पिल्लं : थर्माकोलच्या पेटीत अंडी उबवतो. दोन बल्ब, बारका पंखा, डब्ल्यू 1209 थर्मोस्टॅट (तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारं सर्किट) 37.5 अंशावर. मागच्या खेपेला सोळाव्या दिवशी रात्री होल्डरची वायर जळाली. सकाळी बघतो तर आत 26. 60 अंड्यांतून 11 पिल्लं निघाली. म्हणून 12 व्होल्टची बॅटरी आणि हूटर आणला. थर्मोस्टॅटच्या रिलेवर (त्याच्यातल्या आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचवर) घेतला, तर बल्ब लागला की बोंबलतो, विझला की गप्प. लाईट गेली की तर थर्मोस्टॅटच बंद. उलटं कसं करायचं?

जुना_वायरमन : भाऊ, आधी हे सांग, बल्बचे 230 व्होल्ट ज्या रिलेतून जातात त्यातूनच बॅटरीची वायर नेलीस का? नेली असशील तर आत्ताच्या आत्ता प्लग काढ आणि मग पुढचं वाच.

तो रिले बल्बचा नोकर आहे. गार झालं की तो चिकटणारच, त्यात बिघाड कसला? अलार्मला दुसरा डब्ल्यू 1209 घे आणि तो थेट बॅटरीवर चालव. त्याच्या सेटिंगमध्ये पी0 (मोड) ला एच म्हणजे गार झालं की चालू, तापमान 36.5, पी1 (चालू-बंदमधला फरक) ला 0.5. म्हणजे 36 ला हूटर वाजेल, 36.5 झालं की थांबेल. के0 आणि के1 ही रिलेची दोन टोकं. बॅटरीचा प्लस फ्यूजमधून के0 ला, के1 वरून हूटरला, हूटरचा मायनस बॅटरीला. 2 अँपिअरचा फ्यूज बॅटरीला अगदी खेटून लाव. वायर जळो नाहीतर लाईट जावो, दोन्हीला हा वाजेल.

अंडी_आणि_अडचणी : दुसरा सेन्सर अंड्यांच्या उंचीला ठेवा, बल्बसमोर नको. त्याआधी दोन्ही सेन्सर कोमट पाण्यात ताप मोजायच्या थर्मामीटरसोबत धरून बघा. माझ्या दोघांत जवळपास एका डिग्रीचा फरक होता, रात्रभर उगाच उठवलं.

गावरान_पिल्लं : दादा, आधीचा अडॅप्टर आहे, 12 व्होल्ट 2 अँपिअर. बॅटरी त्यावरच चार्जिंगला ठेवू का?

जुना_वायरमन : नको. 12 व्होल्टवर ती कधीच पुरती भरणार नाही. 13.6 ते 13.8 व्होल्टचा फ्लोट चार्जर (बॅटरी कायम भरलेली ठेवणारा) घे. बॅटरी 7 एएचची (अँपिअर-तास) असेल तर लाईट नसतानाही थर्मोस्टॅट दोन दिवस सहज ओढेल.

गावरान_पिल्लं : जोडलं. पेटी गार असताना बोंबलतो म्हणून मध्ये स्विच टाकला.

जुना_वायरमन : तो स्विच तू परत चालू करायला विसरणार. मी विसरलोय. बटण काढ आणि पेटी तापल्यावरच बॅटरी जोड.

गावरान_पिल्लं : काढला. काल मुद्दाम दोन्ही बल्ब काढून बसलो. 37.5 वरून 36 ला यायला चौदा मिनिटं लागली. हूटर वाजला तशी आई ओसरीवरून काठी घेऊन धावत आली, तिला वाटलं मुंगूस शिरलं.