मदत हवी आहे: 'ओव्हर' आणि 'अबव्ह' यांतला नेमका फरक

मराठीत 'वर' म्हटलं की भागतं. इंग्रजीत मात्र ऑन, ओव्हर, अबव्ह असे तीन शब्द समोर येतात. पृष्ठभागाला टेकलेलं असेल तर 'ऑन', एवढं पक्कं झालंय. माझी अडचण उरलेल्या दोघांची आहे.

शब्दकोश आणि व्याकरणाची दोन पुस्तकं पाहून झाली. त्यातून कळलं ते असं: झाकणं किंवा एका बाजूकडून दुसरीकडे जाणं असेल तर 'ओव्हर'. म्हणून मुलावर पांघरलेलं ब्लँकेट, भिंतीवरून मारलेली उडी, नदीवरचा पूल. पातळी मोजायची असेल तर 'अबव्ह': समुद्रसपाटीपासूनची उंची, शून्याच्या वरचं तापमान. शिवाय तळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर असलेली झोपडी 'अबव्ह द लेक' असते, कारण ती तळ्याच्या बरोबर डोक्यावर नसते. हे उदाहरण सापडलं तेव्हा खूप बरं वाटलं, कारण वस्तू सरळ रेषेत वर नसेल तर 'ओव्हर' का चालत नाही ते एकदम दिसलं.

पण टेबलावर टांगलेला दिवा? तो स्थिर आहे, टेकलेला नाही, बरोबर वर आहे. पुस्तकं म्हणतात दोन्ही चालतील, आणि तिथेच थांबतात. 'अंडर' आणि 'बिलो'चंही तेच.

परीक्षेतल्या गाळलेल्या जागा भरण्यापुरता नियम नकोय, तो आहे माझ्याकडे. रोज इंग्रजी बोलणाऱ्यांनी सांगावं: 'ओव्हर द टेबल' आणि 'अबव्ह द टेबल' ऐकताना डोळ्यांसमोर वेगळं चित्र येतं का, आणि येत असेल तर कोणतं?